सरूबाई आली नाही

२४ मार्च, सोमवार

चौदा नंबरची खाट भरली. अशी भरायला नको होती!

दोन माणसं टेम्पोतून घेऊन आली, कारखान्यातले जुने सोबती. खंडू नाव. वय बावन्न, दिसतो सत्तरचा. डोळे हळदीसारखे, पोट टम्म फुगलेलं, हातपाय नुसत्या काड्या. मोठ्या दवाखान्याने लिहून दिलंय की यकृत संपलं, आता घरी न्या. घरी बायकोने दार उघडलं नाही. म्हणून इथे.

फादर म्हणाले, "जयमाला, हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. हा माणूस बरा व्हायला आलेला नाही."

"मग काय करू? परत टेम्पोत घालू?"

खाटेकडे बघितलं. मग म्हणाले, "ठेव. तुझ्या जबाबदारीवर."

माझ्या जबाबदारीवर! बावीस वर्षं या केंद्रात नर्स आहे मी. दुसऱ्या कुणाच्या जबाबदारीवर इथे काय झालंय?

२५ मार्च

आंघोळ घातली. चार बादल्या लागल्या. पाठीला दोन जखमा आहेत. सारखा म्हणत होता, "राहू द्या सिस्टर, घाण हाय." घाण होतीच. मी साबण लावत राहिले.

२८ मार्च, शुक्रवार

शेजारच्या शेडमध्ये पत्रा कापायची प्रेस आहे. दिवसभर धाड-धाड. चिखलीत राहून राहून मला ती ऐकूही येत नाही आता. खंडूभाऊ मात्र कान लावून पडलेले. सकाळी म्हणाले, "शेजारी सांगा, तुमची डाय झिजलीय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"साच्याची धार गेली, आवाज फुटका येतोय. पत्र्याची कड फाटकी निघत आसंल. पोरांचे हात कापतील."

मला वाटलं, भ्रम सुरू झाला. या आजारात होतो तसा. तरी जाऊन सांगितलं. शेडचा मालक धनेश हसला. आणि दुपारी पत्र्याचा तुकडा हातात घेऊन स्वतःच आला! "मावशी, कोण आहे तो माणूस?" अर्धा तास खाटेपाशी बसला, काका-काका करत. खंडूभाऊ उशीला टेकून त्याला समजावत होते, बोटांनी हवेत आकार काढून. एकवीस वर्षं डाय बसवल्यात चाकणच्या कंपन्यांत. त्या अर्ध्या तासात आजारी नव्हताच हा माणूस.

धनेश गेल्यावर म्हणाले, "दारू नसती ना सिस्टर, तर लई चांगला माणूस होतो मी."

मी म्हटलं, "आहात."

"न्हाई. होतो."

३१ मार्च, सोमवार

सोबत्यांकडून नंबर मिळवला. बायको रहाटणीला राहते, सरूबाई. फोन केला, सगळं सांगितलं. दिवस थोडे आहेत, ते सारखे नाव घेतात, एकदा येऊन जा.

"मी न्हाई येणार. पोरगी येईल."

ठेवून दिला. एवढंच! कसे आहेत, काय खातात— काही नाही!

२ एप्रिल, बुधवार

मुलगी आली. दीक्षा. चोवीस-पंचवीसची, कंपनीत क्वालिटीला आहे. पहिली शिफ्ट करून थेट आलेली, गळ्यात कार्ड तसंच. बिनमिठाची पेज आणली होती. मीठ चालत नाही हे तिला कुणी सांगितलं? "मोबाईलवर वाचलं," म्हणाली. चमच्याने भरवलं वडिलांना. जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, तो पोचला नाही. तिने डोकं खाली आणलं.

फाटकापाशी मी विचारलं, "आई का येत नाही?"

"तिला जमत नाही सिस्टर."

"काम करते कुठे?"

"नाही." आणि रस्त्याकडे बघत राहिली.

४ एप्रिल, शुक्रवार

आज जायला नको होतं मी. का गेले?

दुपारी सुट्टी काढून रहाटणीला गेले. दुसरा मजला, जाळीचं दार. सरूबाई जाळीच्या आतच उभी राहिली. बारीक बाई, कपाळावर जुनी खूण, भुवईपर्यंत गेलेली. "आत या" म्हणाली नाही. मी बाहेरूनच बोलले. आधी नीट बोलले. मग नाही.

म्हणाले, "मरणाऱ्या माणसाशी वैर धरू नये बाई. माफ करायला शिकावं."

ती जाळीला धरून उभी. हळूच म्हणाली, "किती दिस झाले तुमाला त्यांचं करताना?"

"बारा दिवस."

"माजे सत्तावीस वर्षं. ओकारी काढली, चड्ड्या धुतल्या, मार खाल्ला. गटारातनं उचलून आणलं. मला नगा शिकवू."

वळले. जिन्यात उतरताना वरून आवाज आला, "जेवतात का?"

मी उत्तर न देता उतरले. न देता!

५ एप्रिल

झोपेतून उठल्यापासून तेच डोक्यात. आमचे दादा— माझे वडील— प्यायचे. आई रोज ताट वाढून उंबऱ्याशी बसायची, ते येईपर्यंत स्वतः घास घ्यायची नाही. शेवटच्या दिवसापर्यंत केलं तिने त्यांचं. गावातल्या चर्चमध्ये तिचं उदाहरण द्यायचे. मीही त्यालाच प्रेम समजत आले. तिला कधी विचारलं नाही, तुला काय वाटतं गं.

आज सरूबाईला फोन केला. "जेवतात थोडं," एवढंच सांगितलं. ती "हं" म्हणाली. ठेवला.

८ एप्रिल, मंगळवार

पोटातलं पाणी वाढलंय. डॉक्टर येऊन गेले. काढलं तरी दोन दिवसांत भरेल म्हणाले. पाय सुजलेत. दर दोन तासांनी कूस बदलते.

दुपारी खंडूभाऊंनी विचारलं, "मला तुमच्या धर्मात घेणार का सिस्टर?"

"नाही."

"मग एवढं कशापायी करता?"

"काम आहे माझं."

खोटं बोलले. खरं काय ते मला तरी कुठे नीट सांगता येतं? येशूसाठी करते म्हणावं, तर हा माणूस नुसतं निमित्त होतो. तसं नाहीये ते.

मग म्हणाले, "आमी बौद्ध. पंचशीलातलं पाचवं दारूचं. चार थोडीफार पाळली. पाचवं रोज मोडलं. तुमच्यात माफी असती. आमच्यात ज्याचं त्यानं भोगायचं."

मी म्हटलं, "भोगणं आमच्यातही आहे भाऊ. माफी त्याच्याबरोबर मिळते, त्याच्याऐवजी नाही."

हसले. दात पिवळे, ओठ फुटलेले, पण हसले.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

चर्चमध्ये मिस्सेला गेले नाही. रक्ताची उलटी. दोन चादरी.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळपासून रस्त्यावर ढोल. खंडूभाऊ एकदम शुद्धीवर! "पांढरा शर्ट हाय का?" देणगीच्या कपड्यांत शोधला, एक मिळाला, दोन माप मोठा. पोटावर बटणं लागेनात, वरची तेवढी लावली. चाकाच्या खुर्चीतून फाटकापाशी नेलं. निळे झेंडे, पोरं, बाया पांढऱ्या साड्यांत. एका बाईने खुर्चीपाशी थांबून हातावर बुंदी ठेवली, "जय भीम काका." त्यांनी दोन्ही हात जोडले. बुंदी सांडली. मी वेचली आणि दोन दाणे त्यांच्या जिभेवर ठेवले.

"सरू आली आसंल का ह्यात?"

मी गर्दीत बघितल्यासारखं केलं.

१५ एप्रिल, मंगळवार

ओळख गेली. दीक्षालाही ओळखलं नाही. ती तासभर पाय चेपत बसली.

ती गेल्यावर माझा हात धरला. "सरू?"

मी हात सोडवला नाही.

"सरू, चुकलं गं. लई चुकलं."

मी काय करणार होते! म्हणाले, "बरं. झोपा आता."

झोपले. पण मी कोण? सत्तावीस वर्षं तिची, मार तिचा, आणि "बरं" म्हणणारी मी! तिच्या वतीने माफ करायचा हक्क मला कुणी दिला? प्रभू, हे पाप असेल तर माझ्या नावावर धर.

१६ एप्रिल, बुधवार

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी गेले. त्रास झाला नाही. मी कूस बदलत होते.

१७ एप्रिल, पवित्र गुरुवार

दुपारी अंत्यविधी. चौदा-पंधरा माणसं. धनेश शेड बंद करून आला होता. वस्तीतल्या एका आजोबांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, सगळे मागून म्हणत होते. पाचवं शील आलं तेव्हा दीक्षाचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला. अग्नी तिनेच दिला.

सरूबाई आली नाही. आजही नाही!

मनात आलं, दगड आहे ही बाई. आलंच ते, काय खोटं लिहू?

संध्याकाळी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले तसे. सगळे पाय घरून धुऊन येतात. मला आज ते बघवलं नसतं. गेले नाही.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

उपवास. क्रुसाच्या वाटेला, येशूच्या शेवटच्या प्रवासाच्या प्रार्थनेला, गेले. एकेक स्थान येत होतं आणि माझ्या डोक्यात सरूबाईचा राग. प्रार्थना झाली नाही. चौदा नंबरची गादी उन्हात टाकली.

२० एप्रिल, ईस्टर

सगळ्यांना अंडी वाटली. फादर म्हणाले, "दमलीस. चार दिवस गावी जाऊन ये."

गावी आता कोण आहे?

२२ एप्रिल, मंगळवार

दुपारी रिक्षा आली. दीक्षा आणि सरूबाई. तिला धरून उतरवावं लागलं. घामाने पदर ओला, हात थडथडा उडताहेत. बावीस वर्षं हेच हात बघतेय मी, ओळखायला क्षण लागला नाही.

दीक्षा म्हणाली, "नऊ वर्षं झाली, आई पिते सिस्टर. कुणाला माहीत नाही. पप्पा गेल्यापासून तिने घेतली नाही. एकदम बंद केली."

सरूबाई खालीच बघत होती. "ओतून दिली की मारायचे. मग निम्मी मीच पिऊन टाकायचे. त्यास्नी कमी मिळावी म्हणून. तशी लागली." पदराने घाम पुसला. "तुमच्या हितं समद्यांना वास कळतो. म्हणून आले न्हाई."

एकदम बंद केली की झटके येतात, माणूस दगावतोही, मला माहीत आहे. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलेली गोळी दिली. केंद्रात बायकांना घेत नाहीत. फादरांना विचारलं नाही. माझ्या खोलीत, माझ्या खाटेवर निजवलंय.

मला तिची माफी मागायची आहे. पण आत्ता तिला पाण्याचा पेला धरता येत नाहीये. तो मी धरलाय.