तबकडीवरचं सोनं

१२ नोव्हेंबर, सं. ६ वाजून १४ मिनिटे

वेळ मुद्दाम मिनिटासकट लिहिते आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहेतीस वर्षं काढली. वेळ नसलेली तक्रार ही तक्रार नव्हे, कुरकुर.

वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेले तर रस्त्यावरचे दिवे लागलेले. समोरच्या मेडिकलचा बोर्ड पेटलेला. आकाश राखेसारखं. दिवस कधीच बुडालेला.

आत आले. आक्का खाटेवर. ताट रिकामं. तोंड हलतंय.

त्यांचं मनगट धरून घड्याळ पाहिलं. तबकडीवर सोनं शिल्लक. चांगलं नखभर.

म्हणजे बावन्न वर्षांचा नेम

पुढे लिहवत नाही.

१३ नोव्हें., सकाळी ७.१०

झोप धड नाही. पेपरच्या कोपऱ्यात पाहिलं. सूर्यास्त ५.५९. म्हणजे काल आक्का पंधरा मिनिटं अंधारात जेवत होत्या. आणि मी त्यांना जेवू दिलं. जेवू दिलं कसलं, जेवायला सांगितलं! डोळ्यांच्या दवाखान्यातून यायला उशीर झाला, ५.३५ ला ताट वाढलं आणि अंघोळीला जाता जाता मीच म्हणाले, “आक्का, सावकाश जेवा, सोनं अजून भरपूर आहे.” हे वाक्य रात्रभर कानात.

आक्का माझ्या थोरल्या नणंद. तिशीत मुनी महाराजांपुढे नेम घेतला, की सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाणी नाही. लेकाच्या लग्नात नाही मोडला. माझे यजमान गेले त्या दिवशीही नाही. मी याच जैन घरची सून, पण ड्युटीच्या नावाखाली रात्री आठला चहा-बिस्किटं खात आले. त्याबद्दल त्यांनी मला कधी एक शब्द ऐकवला नाही. अशा बाईचा नेम मोडला तर कुणी मोडला? घड्याळाने. ते आणलं कुणी?

निपाणीच्या घरी गच्चीवरून त्यांना दिवस बुडताना दिसतो. इथे बेळगावात माझ्या फ्लॅटच्या पश्चिमेला सहा मजली कॉम्प्लेक्स. दुपारी चारपासून ट्यूबलाइट. सप्टेंबरात पहिल्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आल्या तेव्हा दर दोन मिनिटांनी, “सुलू, दीस हाय का गं?” मी मोबाइल बघून सांगायचे. मग ही जाहिरात दिसली. बंगळूरची घड्याळांची कं. मोठी पांढरी तबकडी, एकही आकडा नाही, मध्ये एक खिडकी. खिडकीत सोन्याची चकती, ती संध्याकाळी निळ्या पट्टीमागे उतरते. खोक्यातल्या कार्डावर: ‘सूर्याबरोबर चालणारं घड्याळ’. आकडे आक्कांना दिसत नव्हते, सोनं दिसत होतं. मीच त्यांच्या मनगटावर बांधलं, मीच नियम घालून दिला. सोनं आहे तोवर जेवायचं.

आक्कांना अजून काही सांगितलेलं नाही. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून त्या शांतपणे जप करताहेत. बघवत नाही.

ओट्यावर वाटीभर भात झाकलेला सापडला. मी ठेवला की काय, आठवेना. कावळ्यांना घातला.

दु. ४ वा. पद्मजाचा निपाणीहून फोन. आक्कांची सून. “मामी, बस्तीत दर्शनाला येणाऱ्या पाच जणींनी घड्याळाचा फोटो बघितला. सगळ्यांना तसलंच पाहिजे. आज ऑर्डर टाकू का?”

अरे देवा. मागच्या महिन्यात मीच तिला म्हणाले होते, खुशाल घ्या.

“थांब,” म्हटलं.

“का? बंद पडलं?”

“बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. मी सांगेपर्यंत थांब.”

१४ नोव्हें., सं. ६.४०

आज चाचणी घेतली. आक्का झोपल्या होत्या, घड्याळ काढून घेतलं आणि गच्चीवर जाऊन बसले.

काटे मोबाइलशी मिनिटाला मिनिट जुळतात. खोटं बोलणार नाही.

५.५९ ला कॉम्प्लेक्सच्या टाकीमागे खरा सूर्य गेला. चकती तेव्हा अर्धी वर.
६.१५, नखभर.
६.३१, पूर्ण बुडाली.

म्हणजे तबकडीवरचा सूर्य रोज साडेसहालाच बुडतो. बारा महिने. सप्टेंबरात खरा सूर्यही साडेसहाला बुडत होता, म्हणून तेव्हा जुळलं आणि मी भुलले. पुढे दिवस लहान होत गेला, चकती आपली तिथेच. पाचवीतल्या मुलीला हिवाळ्यात दिवस लहान होतो हे ठाऊक असतं. या लोकांना नाही. मलाही सुचलं नाही, हे इथे लिहून ठेवते, बाहेर कुणाला सांगणार नाही.

१५ नोव्हें., दु. १२.२०

कं.ला आधी मोबाइलवर लिहिलं. उत्तर आलं, ‘हाय सुलोचना!’ आणि पुढे एक हसरं तोंड. मी तुझ्या आजीच्या वयाची आहे, बाई. पुढे इंग्रजीत, की सूर्य हा आमच्या डिझाइनमधला काव्यात्म घटक आहे. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, नाम काम करतं, विशेषण मिरवतं. काव्यात्म!

मग फोन लावला. कन्नडसाठी दोन दाबलं. मुलगी गोड बोलणारी. मी सगळं सांगितलं, नणंद, नेम, साडेसहा. ती ऐकून घेऊन म्हणाली, “अम्मा, अदु बरी डिझाइन.”

स्पीकर चालू होता. पलीकडून आक्का, “बग! ती पन बरी म्हनतीया.”

फोन ठेवला. हसू की रडू कळेना. आक्कांना माझ्याहून चांगलं कन्नड येतं, शेतातली सगळी तंबाखू त्यांनी कन्नडमधून विकली. कन्नडमध्ये ‘बरी’ म्हणजे नुसती. मुलगी म्हणत होती, ती नुसती डिझाइन आहे हो, तिचा सूर्याशी संबंध नाही. आक्कांनी मुद्दाम मराठी कान लावला. का?

“कुनाशी भांडतीस गं?”

“कुणाशी नाही. घड्याळाचं विचारत होते.”

“चालतंय की चांगलं.”

सं. ५.१५

नव्या भांडणाआधी जुना हिशेब तपासावा म्हणून ही रोजनिशी सप्टेंबरपासून उलटून वाचली. एक्स्चेंजची खोड कामी आली. रोज लिहिलं आहे, ‘आ. जेवल्या’ आणि पुढे वेळ. ५.३०. ५.२५. ५.४०. दसऱ्याला ५.१५, कारण पुरणपोळीसाठी धीर नव्हता. दिवाळीतसुद्धा एकही वेळ पावणेसहाच्या पुढे नाही.

पुन्हा एकदा पानं मोजली. नाही. एकही नाही.

छातीवरचा दगड हलला. पूर्ण नाही. १२ तारीख उरतेच. पण एकच दिवस. बावन्न वर्षांत एक दिवस, आणि तोही माझ्या खात्यावर. उद्या सांगणार. न सांगणं हीसुद्धा फसवणूक, मग त्या कं.त आणि माझ्यात फरक काय?

१६ नोव्हें., सकाळी ९.३०

सांगितलं.

समोर खुर्ची घेऊन बसले. म्हटलं, “आक्का, बारा तारखेला तुमचा नेम मोडला. चूक माझी. तुम्ही सव्वासहाला जेवत होता. दिवस सहालाच बुडाला होता.”

त्यांनी काळा चष्मा काढला. माझ्याकडे नीट पाहिलं. डोळे आता कसे स्वच्छ झालेत.

“कोन जेवत हुतं?”

“तुम्ही. तोंड हलत होतं. मी पाहिलं.”

“अगं खुळे, मी कवळी बसवत हुते!”

मी खुर्ची पुढे ओढली.

“नवी कवळी. डाव्या अंगाला टोचतीया. हात धुतला, चूळ भरली, कवळी काडून परत बसवली, अर्दा तास झाला तरी ती बसंना. तर ही बया येऊन माजं मनगटच धरतीया. मला वाटलं नाडी बगती का काय!”

“पण ताट रिकामं होतं.”

“पाच घास खाल्ले. तवर साळुंक्यांनी कालवा केला. उरल्याला भात वाटीत काडून वट्यावर ठेवला. तू मोरीत हुतीस.”

वाटीभर भात. कावळ्यांना घातलेला.

“कसल्या साळुंक्या?”

त्यांनी खिडकीकडे हात केला. कॉम्प्लेक्सच्या आवारात जुनं झाड आहे, संध्याकाळी त्यावर साळुंक्या जमतात. मी अकरा वर्षं त्या आवाजाला शिव्या घालत खिडकी लावून घेते. आक्का पहिल्या आठवड्यापासून तो ऐकताहेत. “त्यांचा कालवा सुरू झाला की दीस बुडाय आला. मग मी हात धुते. निपानीत पन तसंच. गच्चीवर बगाय कोन जातंय रोज, गुडगं हायत का माजं?”

“मग मी रोज सांगायचे, सोनं आहे, जेवा, ते?”

“मी व्हय म्हनायची.”

“का पण?”

“तू किती हौसेनं आनलंतीस. आल्याल्या मान्सानं म्हनायचं का, न्हाय बाई, तुज्या घड्याळापरास साळुंकी बरी?”

आणि हसायला लागल्या. कवळी पडायची वेळ आली. मग मीही. इतकी हसले की शेजारची बाई दार वाजवून गेली.

नेम शाबूत आहे. पुन्हा लिहिते. नेम शाबूत आहे.

१६ नोव्हें., सं. ५.५०

आज खिडकी उघडी ठेवली. ५.४० ला साळुंक्या सुरू. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं, हात धुतला. चकती तेव्हा दिमाखात वर. दोघींनी तिच्याकडे पाहिलं नाही. मीही आज साडेपाचच्या आत जेवून घेतलं. नेम वगैरे काही नाही. आपलं असंच.

१८ नोव्हें., सकाळी ११

पद्मजाचा पुन्हा फोन. “मामी, त्या पाच जणी माझ्या डोक्यावर बसल्यात. घ्यायचं का नाही, एक सांगा.”

एक सांगता येत नाही हीच पंचाईत. काटे खरे. पट्टा मऊ, आक्कांच्या पातळ कातडीला वळ उठत नाही. तबकडी दिव्याखाली चमकत नाही. नव्वद टक्के घड्याळ प्रामाणिक, आणि ज्यासाठी घेतलं तेवढंच खोटं. त्या पाच जणींतल्या दोघी एकट्या राहतात. त्यांच्याकडे साळुंक्या असतील, पण त्यांना वाटेल की छापील कार्ड साळुंकीपेक्षा शहाणं.

“परत पाठवतेय मी,” म्हटलं.

पलंगावरून आक्का, “कुटं पाठवतीस? माजं हाय ते.”

“आक्का, ते खोटं आहे.”

“म्हायती हाय की. पर संध्याकाळी ते सोनं निळ्यात उतरताना बगाय बरं वाटतंय. इतकी वर्सं सगळं मातकट दिसत हुतं गं. निळा रंग असला असतोय हे मी इसरलेच हुते.”

अदु बरी डिझाइन. कन्नडमध्येही खरं, मराठीतही खरं. नुसती आहे, आणि चांगली आहे.

पद्मजाला म्हटलं, आणखी थोडे दिवस. आधी त्यांच्याकडून लेखी घेते.

२० नोव्हें., सकाळी १०.०५

पत्र रजिस्टरने टाकलं. मोबाइलवरची हसरी तोंडं मला चालत नाहीत. मूळ इंग्रजीत, शाळेत शिकवलं तसं, एकही विशेषण न वापरता. मराठी प्रत आक्कांना वाचून दाखवली ती इथे उतरवून ठेवते.

‘महोदय, १२ नोव्हेंबर रोजी संध्याकाळी ६ वाजून १४ मिनिटांनी तुमच्या घड्याळावर सूर्य होता. बेळगावात नव्हता.

माझ्या नणंदेचा नेम मोडला नाही. त्याचं श्रेय तुम्हाला नाही, एका झाडावरच्या पक्ष्यांना आहे. घड्याळ परत करत नाही. त्यांना ते आवडतं.

मला तीन गोष्टी लेखी हव्यात. एक, तुमच्या तबकडीवरचा सूर्य सूर्याबरोबर चालतो का, हो की नाही. दोन, नाही असल्यास कार्डावरचं वाक्य कधी काढणार. तीन, काढेपर्यंत खोक्यात सूचना घालणार का, की या सूर्यावर कुणी जेवणखाण, पूजा किंवा नेम ठरवू नये.

निपाणीच्या पाच स्त्रिया तुमचं घड्याळ घ्यायला थांबल्या आहेत. त्यांना काय सांगायचं ते तुमच्या उत्तरावर ठरेल. मी कुठल्याही बाजूने ठरवून बसलेली नाही.

उत्तर सहीनिशी, कागदावर, ३० नोव्हेंबरला सूर्यास्तापूर्वी माझ्या हातात पडावं.’

आक्का म्हणाल्या, “कुटला सूर्यास्त ते ल्ही. न्हायतर ती मान्सं साडेसहाला येतील.”

खरंच की. शेवटी हाताने जोडलं:

‘सूर्यास्त आमच्या बेळगावचा. तुमच्या तबकडीवरचा नव्हे.’