बारा सह्या

प्रिय लिंदामावशी,

आज चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर तू बाजूच्या दाराने निघून गेलीस. मी पुढच्या पायऱ्यांवर सगळ्यांशी हात मिळवत उभी होते, म्हणून तू तिकडून गेलीस, हे मला कळलं. घरी आल्यावर आईने तुझा निरोप दिला : "लिंदा म्हणाली, मी थांबले, उभी राहत नाही. पोरीला सांग, आता निवांत जेवत जा." आईने सूप वाढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "झालं ना तुझ्या मनासारखं?" परवा मंगळवारी संध्याकाळी पाचला शहर कचेरीत सह्यांचे कागद घेणं बंद होईल. उमेदवारीसाठी दीडशे सह्या लागतात, तुझ्या एकशे अडतीस धरल्या गेल्यात. बारा कमी आहेत आणि तू कागद मिटून ठेवलास. म्हणजे सप्टेंबरच्या पक्षांतर्गत निवडणुकीत मतपत्रिकेवर एकच नाव असेल, माझं. दुपारभर मी हे पत्र मनात लिहीत होते. आता कागदावर लिहिते, कारण तुझ्यासमोर बसले तर तू मला बोलू देणार नाहीस, खायला घालशील.

मला पहिल्यांदा दारोदार तू नेलंस तेव्हा मी अकरा वर्षांची होते. बाप्तिस्म्याच्या वेळी तू मला हातात धरलं होतंस, त्यामुळे आईचा अर्धा हक्क तुझा, असं तू सगळ्यांना सांगायचीस आणि त्या हक्कात मला थंडीत ओढत न्यायचीस. कामगार संघटनेची प्रतिनिधी होतीस तू, दिवसभर मासे कापून आलेली, हाताला लिंबू चोळूनही वास जायचा नाही. जिना चढताना शिकवायचीस, "सह्यांची पाटी आपण धरायची, पेन त्यांच्या हातात द्यायचं. पेन हातात आलं की माणूस बोलायला लागतो. आणि सही मिळाली की लगेच पळायचं नाही, काय दुखतंय ते विचारायचं." मी पदवी घेतली त्या दिवशी आईपेक्षा मोठ्याने तू रडलीस. घरातली पहिली म्हणून आई शेजाऱ्यांना सांगत होती, तू मात्र माझ्या कानात म्हणालीस, "आता तरी आमचं ऐकू येईल ना तुला तिथून?" तेव्हा मी हसले होते.

त्यानंतर सहा महिन्यांत मी तुझ्या स्वयंपाकघरात बसून तुला थांबवलं. दोन वर्षं झाली, पण तो दिवस मला नीट आठवतो. तू गोड पावाचं पीठ मळत होतीस. गिल पाशेकोच्या प्रचारात मी नवीकोरी लागले होते, आणि राज्याच्या विधानसभेसाठी तूही उभी राहणार अशी बातमी आली होती. आपल्या पक्षाच्या कार्यालयात एक शब्द फार चालतो, नंबर. कोण चांगलं, हे कुणी विचारत नाही, नंबर कुणाचा, एवढंच विचारतात. गिलने दहा वर्षं खुर्च्या मांडल्या, झेंडे वाटले, म्हणून नंबर गिलचा. मी तुला तेच सांगितलं, फक्त कॉलेजच्या भाषेत. आपसात लढलो तर ताकद वाया जाईल, एकजूट हवी, वगैरे. तू पीठ मळत ऐकत राहिलीस आणि म्हणालीस, "म्हणजे रांगेत उभं राहायचं. आणि दुकानात काय मिळतंय ते विचारायचं नाही." पण थांबलीस. माझ्याकडे बघून थांबलीस.

गिलला वसंतात कुणी एक प्रश्न विचारला नाही. पक्षांतर्गत निवडणुकीचा दिवस त्याने मुलाच्या बेसबॉलच्या सामन्यात काढला. मग ऑक्टोबरात शाळेच्या सभागृहात समोरच्या पक्षाच्या उमेदवाराने त्याला फिरत्या पुलाबद्दल विचारलं. पहाटे बोटींसाठी पूल वळतो, रस्ता वीस मिनिटं बंद पडतो, पलीकडच्या कारखान्यात मासे कापायला जाणाऱ्या बायका अडकतात, पाच मिनिटं उशीर झाला की दार बंद आणि त्या दिवसाचं काम गेलं. याचं काय करणार? गिल हसला. "अहो, फिरता पूल आहे, तो फिरणारच!" सभागृहातही काही जण हसले. बायका हसल्या नाहीत. मी पडद्यामागे उभी होते, मला त्यांचे चेहरे दिसत होते. दोनशे बारा मतांनी आपण हरलो. आज बोस्टनला विधानसभेत आपल्या गावच्या नावाने जो बसतो, त्याने तरी पुलाचं काय केलं? प्रश्न विचारून तो निवडून आला आणि प्रश्न तिथेच राहिला. गिल वाईट माणूस नाही, मावशी. तोच प्रश्न तू त्याला मे महिन्यात विचारला असतास, तर तो चिडला असता, तुला शिव्या दिल्या असत्या, आणि ऑक्टोबरपर्यंत उत्तर शोधून ठेवलं असतं.

हे मला दोन वर्षं माहीत होतं. तरी यंदा नंबर माझा, असं कार्यालयात ठरलं तेव्हा मला तो शब्द टोचला नाही, छान वाटला. शिकलेली पोर, बेटांवरून आलेल्या कुटुंबातली, मासेवाल्यांच्या गल्लीतली. पक्ष कार्यालयाचे कोरेयासाहेब पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुझा फोटोच निम्मं काम करेल." मग तू उमेदवारीचे कागद घेतलेस. पहिल्यांदा मला रागच आला, खोटं कशाला सांगू. वाटलं, आता का? माझ्याच वेळी का?

आणि मग चर्चच्या मंडळाच्या हॉलमधलं ते जेवण. पावावर ओतलेलं गरम सूप, वर पुदिना, लांब टेबलांवर सगळं गाव. माझं भाषण संपल्यावर तू उठलीस, हातात वाडगा तसाच, आणि विचारलंस, "ग्रासा, पुलाचं काय करशील?" मी नव्या पुलाबद्दल बोलले. उंच पूल, केंद्राचा निधी, दहा वर्षांची योजना. तू शांतपणे ऐकलंस. म्हणालीस, "छान. आणि नवा पूल होईपर्यंत?" मी काहीतरी बोलत राहिले. काय, ते मला आता आठवत नाही. तू म्हणालीस, "पोरी, बोलतेस गोड. पण हे उत्तर नव्हे," आणि खाली बसून सूप पिऊ लागलीस. पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, "गिलची बहीण शोभते!" हॉल हसला. त्या हसण्यातून मी अजून बाहेर आलेले नाही. प्रश्न तर मला ठाऊक होता. याच प्रश्नावर गिल पडला होता, आणि दोन वर्षांत मी एकदाही पुलावर जाऊन उभी राहिले नव्हते.

पुढचं तुला माहीत आहे, पण अर्धंच. तुझ्या एकशे एकसष्ट सह्यांपैकी तेवीस कचेरीने बाद केल्या. मी त्या खिडकीशीच उभी होते. कारकून बिचारा डोकं धरून बसला होता, "इथे निम्म्या जणी मारिया आहेत, आणि एकीचंही आडनाव यादीशी जुळत नाही!" आपल्या म्हाताऱ्या सही करताना मतदार यादीतलं नाव थोडंच लिहिणार? तू चर्चबाहेर पाटी धरलीस, म्हणून त्यांनी चर्चच्या वहीतलं नाव लिहिलं, आईचं, आजीचं, गावाच्या संताचं, सगळं जोडून. माझ्या कागदांवर असं झालं नाही, कारण मी प्रत्येकीला यादी दाखवून सही घेतली होती. आणि त्या तेवीसजणींना यादी दाखवून पुन्हा सह्या घेता येतात, हा नियम मला पाठ होता. तुला ठाऊक नव्हता. मी तिथून घरी आले आणि तुला फोन केला नाही.

त्याच संध्याकाळी कोरेयासाहेब तुझ्याकडे आले. "पोर तुझीच ना? मग तिच्या वाटेत कशाला उभी राहतेस?" असं म्हणाले ना? ते स्वतःहून आले, असं तुला वाटत असेल. त्यांना मी पाठवलं. वाक्यही माझंच होतं. तू दुसऱ्या कशालाही बधली नसतीस, हे मला माहीत होतं, म्हणून तेवढंच वाक्य मी त्यांच्या हातात दिलं. तुझं माझ्यावरचं प्रेम मी तुझ्याविरुद्ध वापरलं. हे लिहायला मला तीन कागद लागले.

मग झोप लागेना, म्हणून गेल्या आठवड्यात चार दिवस मी पहाटे पुलावर गेले. अडकलेल्या बायकांत उभी राहिले. पहिल्या दिवशी एक म्हणाली, "फोटो काढायला आलीस का? काढ आणि जा, हात गारठलेत." दुसऱ्या दिवशी तिनेच थर्मासमधली कॉफी दिली. तिसऱ्या दिवशी मी पूल फिरवणाऱ्या माणसाला विचारलं, ही सव्वापाचची वेळ ठरवली कुणी? तो म्हणाला, बर्फाच्या कारखान्याने. बोटी बर्फ भरून त्या वेळी निघायच्या. कारखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली, मावशी! वेळ बदलायला अर्ज लागतो, अर्ज कुणी केलाच नाही. मी चार बोटींच्या कप्तानांना भेटले. तिघे म्हणाले, अर्धा तास इकडेतिकडे झाला तर आमचं काही जात नाही. चौथ्याने मला बोटीवरून उतरवलं, तो म्हणतो भरती-ओहोटी तुझ्या पक्षाला विचारून येत नाही. त्याचंही बरोबर असेल. अजून पंधराजणांना विचारायचंय. हे उत्तर पूर्ण झालेलं नाही, पण हे खरं उत्तर आहे, आणि तू हॉलमध्ये उठली नसतीस तर मी ते कधीच शोधायला गेले नसते.

काल मी कोरेयासाहेबांना सांगितलं, मला समोर कुणीतरी हवंय. ते म्हणाले, "वेडी आहेस का? दोघी एकाच बाकावर बसून प्रार्थना करता. घरचं भांडण चव्हाट्यावर आणलंस तर समोरचे टाळ्या वाजवतील." मी म्हटलं, गेल्या खेपेस आपण भांडलो नाही, टाळ्या त्यांनीच वाजवल्या. पटलं नाही त्यांना. त्यांची भीती खोटी नाही. सप्टेंबरपर्यंत लोक तुला काहीबाही बोलतील, मला बोलतील, आई मध्ये सापडेल. आपल्यातही काहीतरी तुटू शकेल. आणि तू उभी राहिलीस तर मी हरण्याची शक्यता बरीच आहे. मी मोजून पाहिलंय.

तरी हे पत्र माफीसाठी लिहिलेलं नाही. माफी तू मला दारातच देऊन टाकशील आणि प्रश्न तिथेच संपेल. सोबत शुक्रवारीच कचेरीतून आणलेला कोरा कागद आहे. कोरा नाही, त्यावर पाच सह्या आहेत. आपल्याकडे एकाच मतदाराला दोघींच्या कागदांवर सही करता येते, म्हणून पहिली माझी आहे. दुसरी आईची. मत कुणाला देणार, असं मी विचारलं तर म्हणाली, "ते तुला कशाला सांगू?" उरलेल्या तिघी बाद झालेल्या मारियांपैकी आहेत, यादीतल्या नावाने. बाकीच्या सात तू स्वतः आण. मी तुझी प्रतिस्पर्धी आहे, सगळं मीच करून द्यायचं नसतं. मंगळवारी पाचच्या आत कागद दे, मावशी. आणि मग मला विचार, जितकं कठीण विचारता येईल तितकं विचार, सगळ्यांसमोर. मला उत्तर आलं नाही, तर त्या जागेवर तू बस.

तुझीच, आणि सप्टेंबरपर्यंत तुझ्याविरुद्ध,
ग्रासा