ठकूमावशीला विचारलं

भवानीपूर, कलकत्ता
१२ नोव्हेंबर १९५३

दादा,

पाठवून दे म्हणजे काय? ट्रंक आहे का ती? ‘वृंदाचे दिवस भरत आले, ठकूमावशीला मेलमध्ये बसवून दे, नागपूरला मी उतरवून घेतो.’ तुझं पत्र परत परत वाचलं. तिला यायचंय का, हे कुठेच सापडलं नाही.

नमस्कार राहिलाच. तुला आणि वहिनीला. मी बरी आहे. इथे थंडी अजून नावालाच.

तू म्हणशील, शकू, तुझ्या प्रबंधाचं भूत घरात आणू नकोस. अरे, ते घरातूनच ग्रंथालयात गेलं. रोज अलीपूरला जाऊन जुने कागद वाचते. अमक्या सरदाराने लेकीच्या लग्नात दोन म्हशी, एक पालखी आणि एक कुणबीण, म्हणजे विकत घेतलेली दासी, दिली. मी टिपण काढते, आणि घरी येऊन ठकूमावशीच्या हातचं गरम गरम जेवते. आजीबरोबर आंदण आलेली ती, सहा वर्षांची. बाबा हे किती कौतुकाने सांगायचे, आठवतं?

१८४३च्या कायद्यात एवढंच होतं, की माणसावरची मालकी कोर्ट मानणार नाही. पण त्या माणसाला जाऊन हे सांगायचं, असं कुणावरच बंधन नव्हतं. आजीच्या माहेरच्या संस्थानात तर तोही कायदा नव्हता. आता घटनेत माणसांचा व्यापार आणि वेठ बंद करणारं तेविसावं कलम आहे. छानच आहे. तेही कुणी घरोघर सांगत फिरत नाही. म्हणून म्हटलं, निदान आपल्या घरी मी सांगते.

ती मेथी निवडत बसली होती. दादाने बोलावलंय, जायचंय का, असं विचारलं, तर म्हणाली, कधी निघायचं? मी म्हटलं, तसं नाही, तुला जायचंय का? मग कायदा, घटना, सगळं सांगत बसले. तुझ्यावर कुणाचा हक्क नाही, म्हटलं. ती उठली, हात धुतले, वलणीवरचं लुगडं काढलं आणि घडी घालायला लागली.

“माझं काय चुकलं गं?” म्हणाली.

तिला वाटलं, मी तिला घराबाहेर काढतेय. मी रडले, आणि समजूत तिनेच घातली. काल माझ्या डोक्याला तेल लावताना उत्तर दिलं.

तिला नागपूरला यायचं नाही. गुडघे दुखतात, शिवाय तिकडची थंडी…

नाही. असंच लिहायचं ठरवलं होतं, पण जमत नाही. ती म्हणाली, “मला पोरं आवडत नाहीत. कधीच नव्हती आवडत.”

“आम्हीसुद्धा?”

“दिनू फार रडका. तू चावायचीस.”

आणि हसली. मला मात्र हसता येईना. तुझ्या टायफॉइडमध्ये ती तुझं डोकं मांडीवर घेऊन बसलेली असायची, तेच डोळ्यांपुढे आलं. मग ते सगळं काय होतं, असं विचारलं. तेल थापत म्हणाली, “तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं, मलाही नव्हतं. घेतलं जमवून.”

रागावू नकोस तिच्यावर. मीही रुसले होते, पण वेणी घालून होईपर्यंतच.

मग कुठे जायचंय, म्हटलं, तर उत्तर तयार होतं. पुरीला. शेजारच्या बोसकाकू दरवर्षी जातात ना, तिथे. देवासाठी नाही हं. तिथे म्हणे नुसतं बसून राहता येतं.

आज संध्याकाळी हावड्याहून निघतोय. वहिनीसाठी तिच्या आईला बोलाव. आणि त्यांनाही आधी विचार.

तिथे पोचल्यावर मला तिला आणखी एक विचारायचंय. परत माझ्याकडे यायचं का? भीती वाटते, दादा. एवढ्या मोठ्या घरात ती नसेल तर मी कशी राहणार, हे तिला सांगायचं नाही, असं ठरवलंय. सांगितलं तर ती येईल.

तुझं उत्तर येईल तेव्हा दाराला कुलूप असेल. खाली टॅक्सी आलीय. ती माझ्याआधी जाऊन बसलीसुद्धा, आणि आटप म्हणून खालून ओरडतेय. निघते.

तुझी, आणि ती हो म्हणाली तर तिची,
शकू