मला एक शंका आहे

८ ऑक्टोबर १९९६
प्रोफेसर बेकर माझ्यावर खार खाऊन आहेत. नक्की! आज वर्ग सुटल्यावर त्यांच्या टेबलाशी गेले, तोंड उघडलं मात्र, त्यांचा चेहरा पडला. इतर मुलींशी हवापाण्याच्या गप्पा मारतात. माझ्याशी मात्र खडू खाली ठेवून, सावरून बसतात. मी काय पोलीस आहे?

की वय खुपतंय? चौतीस वर्षांची बाई अमेरिकेत येऊन विशीतल्या पोरांत ऑर्गॅनिक केमिस्ट्री शिकतेय, डॉक्टर व्हायचं म्हणतेय. मागे हसत असतील.

११ ऑक्टोबर
की मार्क कळलेत? नागपुरात साठ टक्के पडले तेव्हा बाबांनी विहारात पेढे वाटले होते – फर्स्ट क्लास! तोच फर्स्ट क्लास इथल्या हिशोबात चारपैकी दोन पॉइंट तीन. इथल्या कौन्सेलर बाई स्पष्टच म्हणाल्या, जुने मार्क धुऊन निघत नाहीत; सायन्सच्या प्रोफेसरनं ठासून शिफारस केली तरच मेडिकल कॉलेजं तुमच्याकडे बघतील. म्हणजे बेकर. घ्या!

अनुप म्हणाला, "एवढा स्ट्रेस नको घेऊ यार. कॉलेजांचे फोन-बिन मी हँडल करतो, तू अभ्यास कर." मग चहा टाकला त्यानं. नवरा असावा तर असा!

२९ ऑक्टोबर
राधिका! आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते, डिपार्टमेंटच्या ऑफिसात कामाला आहे. आज बेकरांच्या दारात दोघांचं काहीतरी कुजबुजणं चाललं होतं. मला बघून गप्प! पाणी कुठेतरी मुरतंय. माझे मार्क तिला ठाऊक आहेत – मीच सांगितले, पोहे खाता खाता. हात दाखवून अवलक्षण.

३० ऑक्टोबर
आज राधिकाला जिन्यात ओळख दिली नाही.

१५ नोव्हेंबर
लाँड्रीत गाठलंच तिला. काय सांगितलंस माझ्याबद्दल, सरळ विचारलं. ती उखडली.

"अगं बाई, तू त्यांना दर वेळी काय म्हणतेस?"

"काय म्हणणार? आय हॅव अ डाऊट."

"तेच! आपल्याकडे ते 'एक शंका विचारायचीय' असं झालं. इथे त्याचा अर्थ, माझा तुमच्यावर विश्वास नाही! ते बिचारे मला विचारत होते, ही बाई माझ्यावर इतका संशय का घेते?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. सप्टेंबरपासून त्या भल्या माणसाच्या तोंडावर मी हेच म्हणत आले!

१८ नोव्हेंबर
माफी मागायला गेले. बेकर हसले – पहिल्यांदाच. म्हणाले, तुमच्या धाकानं प्रत्येक लेक्चर पुन्हा तपासून येतो, त्यात माझीच एक जुनी चूक सापडली. शिफारस लिहीन, आनंदानं!

बसस्टॉपवर ढसाढसा रडले. राधिकाला गाजरहलवा नेऊन दिला. स्वभावच मेला संशयी माझा. आता बास.

९ जानेवारी १९९७
अनुपला सांता क्लाराहून नोकरीची ऑफर. मी म्हटलं, मेडिकलचे अर्ज गेलेत, माझं ठरू दे आधी. "ऑफकोर्स," म्हणाला. "पण अजून कुणाचा फोनच नाही ना."

२० फेब्रुवारी
कुठूनच इंटरव्ह्यूला बोलावणं नाही. क्षणभर वाटलं, बेकरांनी गोड बोलून... छे! पुन्हा तेच! मार्कच कमी, त्याला कोण काय करणार.

अनुपनं सामान भरायला खोके आणायला सुरुवात केलीय. म्हणाला, "ट्राय केलंस ना, मैत्री? दॅट्स इनफ." पाठीवरून हात फिरवला. खूप बरं वाटलं.

४ मार्च
धीर करून आज इथल्या मेडिकल कॉलेजला मीच फोन लावला. तिथल्या बाई गोंधळल्या. म्हणाल्या, तुम्हाला जानेवारीतच इंटरव्ह्यूला बोलावलं होतं. तुमच्या मिस्टरांनी कॅन्सल केलं – कॅलिफोर्नियाला जातोय म्हणून.

अनुप खाली गाडीतून खोके काढतोय. वर आला की बोलणार आहे. इंग्रजीतच.

अनुप, आय हॅव अ डाऊट.