द्रौपदीबाईंची आडवी रेषा

मुलुंड,
मंगळवार, १४ मार्च १९७२

तीर्थस्वरूप शरदमामांना नंदकिशोरचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामीच्या लेपानं काही फरक पडला का? इकडे सगळे खुशाल, म्हणजे आई खुशाल. मला मात्र चार दिवस एका जागी बसवत नाहीये. हे पत्रही मध्ये मध्ये उठून, गॅलरीत फेऱ्या मारून लिहितोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

इस्त्रीच्या कॉइली बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात मी तपासनीस म्हणून लागलो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कॉइली गुंडाळणारी माणसं दोन. नाहूरगावच्या द्रौपदीबाई, अकरा वर्षं हेच काम करणाऱ्या. आणि दिवाळीनंतर आलेला गुणाजी. गेल्या महिन्यापासून तक्रारी यायला लागल्या, की इस्त्री फार तापते, कपडे जाळते. (एका गिऱ्हाइकानं तर जळकं धोतर पार्सलनं पाठवलं. ते अजून ऑफिसात आहे, कुणी हात लावत नाही.) म्हणजे कुणीतरी तार कमी गुंडाळतंय. तार कमी, की विरोध कमी, करंट जास्त, धोतर खलास. मालक मार्तंडराव मला म्हणाले, "तुम्ही सायन्सवाले ना? मग शोधा."

झकास! मी दोघांची एकेक कॉइल घेतली, व्होल्टेज थोडं थोडं वाढवत करंट मोजला, आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले आणि रेषा ओढल्या. गुणाजीची रेषा ताठ उभी. द्रौपदीबाईंची जेवून लवंडल्यासारखी. मला तुमचा वर्ग आठवला. फळ्यावर फूटपट्टी आपटून तुम्ही म्हणायचात, "रेषा जितकी उभी, तितका विरोध जास्त!" म्हणजे आडव्या रेषेवाली बाई तार कमी घालते. शुक्रवारी मी सर्वांसमोर कागद भिंतीला लावून हे समजावलं. (खडूसुद्धा घेतला होता हातात. कागदावर खडू कशाला, ते विचारू नका.)

मार्तंडरावांनी एकच प्रश्न केला, "मग उरलेली तार गेली कुठं, बाई?"

मामा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी रेषेबद्दल बोलत होतो आणि माणसं चोरीबद्दल ऐकत होती. द्रौपदीबाईंनी पिशवी उलटी केली. डबा, कंगवा, पानाची चंची, बस. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, रेघा मारण्यापेक्षा तार उलगडून मोजली असतीत तर?" आणि चपला घालून निघून गेल्या. मी भिंतीवरचा कागद काढून गुंडाळत बसलो. त्यांना थांबवायला हवं होतं.

रविवारी राहवलं नाही. दोन्ही कॉइली घरी आणल्या होत्या. गॅलरीच्या कठड्याला टोक बांधून द्रौपदीबाईंची तार ओढत सरळ केली, ती थेट शेजारच्या शुभाताईंच्या दारापर्यंत पोचली. (शुभाताई बाहेर आल्या, बघून आत गेल्या, कडी लावली.) गुणाजीची तार हातभर अलीकडेच संपली! मी पुन्हा आलेखाकडे धावलो आणि पायाखालची फरशी सरकली. तुम्ही फळ्यावर व्होल्टेज उभ्या अक्षावर घ्यायचात आणि करंट आडव्या. मी नेमकं उलटं केलं होतं. माझ्या कागदावर ताठ रेषा म्हणजे थोड्याशा व्होल्टेजला भरमसाट करंट, म्हणजे विरोध कमी! चढ बरोबर होता, आकडे बरोबर होते. अक्षांवर काय लिहिलंय, तेवढंच मी वाचलं नव्हतं. तेही माझ्याच हातचं.

तसाच कारखान्यात गेलो, वॉचमनकडून किल्ली घेऊन गुणाजीचं यंत्र पाहिलं. वेढे मोजणाऱ्या चाकाचा एक दात झिजलेला. त्यामुळे चाक दर फेरीला एक वेढा जास्तीचा मोजत होतं. गुणाजी बिचारा चाकावर विश्वास ठेवून थांबायचा. तार कुणीच चोरली नव्हती. उरलेली रिळावरच होती!

तिथून नाहूरगावात द्रौपदीबाईंकडे गेलो. त्या अंगणात सुकट निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, अक्षांसकट. त्यांनी मान वर केली नाही. "मला कशाला सांगता? मला ठाऊकच होतं. चारचौघांत चोर ठरवलंत, चारचौघांतच खोटं होतं म्हणा. मग या चहाला."

म्हणून काल सकाळी मी सर्वांसमोर उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात चूक कबूल केली. मार्तंडरावांचे डोळे पाणावले. त्यांनी माझी पाठ थोपटली, स्वतः नाहूरगावला जाऊन बाईंना मानानं परत आणलं. तेव्हा काळजी नसावी. मामीस नमस्कार.

तुमचा,
नंदकिशोर

ता. क. – मामा, मार्तंडरावांचे डोळे कधीच पाणावत नाहीत. शेवटचा परिच्छेद अजून घडलेला नाही. काल मी कारखान्याच्या फाटकापर्यंत गेलो आणि पोटात दुखतंय असं सांगून परतलो. आजही तेच. बाई घरीच बसल्या आहेत, आणि गुणाजीच्या कॉइली मात्र मी आधीच सही करून ठेवलेल्या चिठ्ठ्यांवर रवाना होताहेत.

ता. क. २ – उद्या नऊ वाजता सांगणारच आहे. तुम्ही नुसते शेजारी उभे राहाल का? काही बोलू नका. मी पळायला लागलो तर तेवढं धरा.

ता. क. ३ – पोस्टात टाकलं तर वेळेत पोचायचं नाही, म्हणून दाराच्या फटीतून सरकवतोय. मी तुमच्या जिन्यात उभा आहे. बेल वाजवायचा धीर होत नाही. दार उघडा.