सागाच्या जमिनीवर टाइल्स

बाबा, मुलचेऱ्याच्या पुढे जंगलातल्या त्या लहान दवाखान्यात तुम्ही फळ्यांची जी जमीन केली होती, ती मी झाकली. बाळंतपणाच्या खोलीत आता पांढऱ्या टाइल्स आहेत. तुम्ही असता तर ऐकून चहा अर्धा टाकून उठला असता. पण तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्याशी शांतपणे वाद घालू शकते. पाठवायला पत्ता नाही, म्हणून लिहायला भीडही नाही.

टाइल्सचं काम शिकायला जाते असं मी म्हणाले, तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात जेवत होता. आईला मी शिवणकाम करावं असं वाटत होतं. तुम्ही घास ताटात ठेवला. "शिक. पण लाकडावर टाइल लावू नको, बाई. लाकूड पावसात फुगते, उन्हात आकसते. टाइल जागची हलत नाई. दोघाईचं जमत नाई." मी म्हणाले, काहीतरी उपाय असेल. त्यावर तुम्ही ओरडलात, "मले लाकूड शिकवून राह्यली काय?" दुसऱ्या दिवशी मी निघाले, तर माझ्या पिशवीत तुमची पातळी बघायची स्पिरिट लेव्हल होती, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली. ती तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हता.

यंदा त्या दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला. फळ्यांच्या फटींत रक्त, पाणी मुरतं, कितीही पुसलं तरी वास जात नाही. "ताई, बाळंतिणीले मी अशा खोलीत कशी ठेवू?" दोन मिस्त्री येऊन गेले होते. सगळं उखडून काँक्रीट टाकावं लागेल, खोली फार दिवस बंद राहील, असं त्यांनी सांगितलं होतं. तेवढे दिवस बायांनी जायचं कुठे?

मी गेले, एक फळी काढली आणि खाली डोकावले. फळ्यांना आधार म्हणून तुम्ही सागाच्या आडव्या कड्या इतक्या जवळजवळ टाकल्या होत्या की मी खोलीच्या मधोमध उडी मारून पाहिली, तर कोपऱ्यातल्या स्टुलावरचा पाण्याचा पेला हलला नाही. एकाही कडीला वाळवी नव्हती. तिथेच मी सिस्टरला म्हणाले, "होते. यावरच टाइल लागते."

तुमचं म्हणणं खरं होतं, बाबा. लाकूड हलतंच. म्हणून मी लाकूड आणि टाइल यांची थेट गाठच पडू दिली नाही. सैल फळ्या स्क्रूने आवळल्या, वर सिमेंटची शीट ठोकली, टाइल चिकटवायला थोडं ताणलं जाणारं केमिकल वापरलं आणि चारही भिंतींलगत बोटभर फट सोडून ती रबरासारख्या मसाल्याने भरायची ठेवली. जमीन वर आली म्हणून दार खालून कापावं लागलं. तेही तुमचंच. करवत सरळ चालली.

समोरच्या खोलीत बाळंतपणाची तात्पुरती सोय होती. मी पलीकडच्या भिंतीपासून सुरुवात केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवशीचे सांधे आणि तिकडची फट भरून दुपारी दाराजवळच्या ओळी संपवल्या. हात धुते आहे तोच ऑटो आला. पहिलटकरीण, सोबत नवरा आणि सासू. समोरच्या खोलीत आधीच एक बाई कळा देत होती. सिस्टर माझ्याकडे आली. "चालता येते काय आत?"

आजच्या ओळींवर पाय पडला असता तर सगळ्या टाइल्स सरकल्या असत्या. कालच्या पक्क्या झाल्या होत्या. मी व्हरांड्यातल्या लांब फळ्या आणल्या, त्यांचं एक टोक उंबऱ्यावर, दुसरं कालच्या टाइल्सवर विटा रचून टेकवलं. ओल्या ओळींवर पूल झाला. आधी मी चालून पाहिलं, मग नवरा आणि ऑटोवाला खाट घेऊन गेले. त्या पोरीने फळीवर पाय ठेवला आणि माझा खांदा घट्ट धरला.

"बाई, पडन तर नाई ना मी?"

"नाई पडत. खाली माझ्या बाबाचं काम आहे, वर माझं."

ती चालते आहे, मी उलटी चालत तिला नेते आहे, खाली काहीही करकरत नाही.

मुलगी झाली. सिस्टरने बादलीभर पाणी ओतून खोलीचा पलीकडचा भाग धुतला, आणि पाणी सरळ तिकडच्या कोपऱ्यातल्या मोरीकडे गेलं. ती तिथेच कमरेवर हात ठेवून पाहत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मी राहिलेले सांधे भरले आणि घरी आले. मध्ये पावसाळा येऊन गेला. परवा मी टाइल्स एकेक ठोकून पाहून आले. एकही पोकळ वाजली नाही, कुठे चीर नाही.

तुमची जमीन फार चांगली होती, बाबा. हे मी सगळ्यांना सांगते. दुसरं मात्र कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते. मला माझी जास्त आवडली.