हातमोज्यावरची मुळाक्षरं

कुंडल
ता. ८ जानेवारी १९७८

चिरंजीव मानसिंग यास नाथाजीचे पोटभर आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण, तुझी राही.

साताऱ्याचे माझे थोरले दादा गेले ते तुला कळवलंच होतं. त्यांना मूलबाळ नाही, म्हणून पाणी मी दिलं. दहाव्याला डोकं उतरलं, मिशीही उतरली. तेव्हा काही वाटलं नाही. घरी येऊन आरशात पाहिलं आणि राही आठवली. तापात डोळे आणि कान दोन्ही गेले तेव्हापासून राही मला मिशीवरूनच ओळखते. आई म्हणजे बांगड्या, आजा म्हणजे मिशी. आता मी कोण?

सूनबाई परवा राही राहते त्या सांगलीच्या शाळेत जाऊन आली. तिथं दाराशी बटण आहे. ते दाबलं की घंटा नाही, वर्गातला पंखा फिरतो. तोंडावर वारा आला की पोरांना कळतं, कुणीतरी आलं. राही आली, आईच्या बांगड्या चाचपल्या आणि मग तिच्या मागची हवा चाचपत राहिली. आपल्याच ओठावरून दोन बोटं फिरवत होती. मास्तरीण सुलाबाई म्हणाल्या, ही तिची आज्याची खूण. बोटांनी वाचायचे ठिपके उठवायचं सहा बटणांचं यंत्र आणलंय, त्याला आठ दिवस तिनं हात लावलेला नाही. पंख्यासमोर बसून असते. आज्यांना पाठवा म्हणाल्या.

मी कसा जाऊ? बोडका ओठ हाताला लागला की परका समजून ओरडेल. नाहीतर आजा मेला असं धरून बसेल, आणि ते तिच्या मनातून कोण काढणार? दुपारी डोळा लागला की दिसतं, मिशीला धरून ती मला उसातून नेतेय. पायाखाली पाचट आहे, पण वाजत नाही. जाग आली की हात आधी ओठावर जातो. होळीपर्यंत मिशी येईल. तोवर जात नाही.

थंडीत कानटोपी घालतोस ना? माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा आबा


५६ ए. पी. ओ.
ता. १९ जानेवारी १९७८

तीर्थरूप आबांस मानसिंगचा शि. सा. न. वि. वि.

कानटोपी घालतो. इथं बर्फ पडला की सगळं पांढरं आणि मुकं होतं. पहाऱ्यावर उभा असलो की राहीच्या घरात शिरल्यासारखं वाटतं.

आबा, पलटणीत मी तुमच्या मिशीचे किस्से सांगत आलो, आणि तुम्ही तिच्यावाचून घरात लपून बसलात? होळीपर्यंत लेकरानं वाऱ्यात बसायचं? सुलाबाईंनी दिवाळीत मला राहीच्या हातमोज्याचं चित्र पाठवलं होतं, ते सोबत जोडतो. अंगठ्यावर क ख ग घ ङ, पहिल्या बोटावर च छ ज झ ञ, अशी पाच बोटांवर पाच ओळी. तळव्यावर य पासून पुढची, हाताच्या पाठीवर अ आ इ ई. काना-वेलांटी नाही, स्वर सुटा दाबायचा. वस्तूंची नावं ती दाबून सांगते. फक्त अजून कुणाला काही विचारत नाही, असं बाईंनी लिहिलं होतं.

तुम्ही दुसरीपर्यंत मुळाक्षरं घोकलीत. मिशी नाही तर नाव दाबून सांगा. पण जा.

लोभ आहे, तो काळजीपेक्षा दोन बोटं जास्त असावा.

आपला आज्ञाधारक
मानसिंग


कुंडल
ता. ६ फेब्रुवारी १९७८

चिरंजीव मानसिंग यास आशीर्वाद. 

आठ दिवस डाव्या हातावर शाईनं अक्षरं काढून फिरलो. शेजारच्या कोंडीबानं विचारलं, नाथा, म्हातारपणी गोंदून घेतलंस व्हय रं. घाम आला की करंगळी पुसून जायची.

काल गेलो. बटण मीच दाबलं. पंखा फिरला, राहीचे केस उडाले, ती उठली. मला तिथूनच पळावंसं वाटलं, तर सूनबाईनं सदरा धरला. राहीनं बांगड्या चाचपल्या, मग माझं तोंड. बोटं ओठाशी थांबली. तिनं हात काढला आणि मागं सरली. दिवा मालवावा तसं तिचं तोंड झालं.

मी तिचा मोज्यातला हात धरला. पाठीवर आ. मग घाईत झ दाबला, म्हणून सगळं पहिल्यापासून. आ, ज, आ. पंख्याचा वारा दोघांच्या मधून जात होता.

मग तिनं मोजा काढला आणि माझ्या हातात चढवला. नांगर धरलेला हात, अर्धाच आत गेला. तिनं चाचपत दाबलं. करंगळीवर म, पाठीवर इ, तळव्यावर श, पुन्हा पाठीवर ई. आणि माझ्या ओठावर बोट ठेवून थांबली. सुलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, आबा, पोरीनं आज पहिल्यांदा काहीतरी विचारलं.

आता दादा गेले, पाणी दिलं, दहावा झाला, हे सगळं एवढ्याशा हातावर कसं सांगू? मोजा पुन्हा तिला घातला. एकेक अक्षर शोधून दाबलं. उ, ग, व, ए, ल.

तशी ती यंत्रापाशी गेली आणि खटखट ठिपके उठवले. तो कागद सोबत आहे. मला वाचता येत नाही. डोळे मिटून बोट फिरवतो, भिजल्या वाळूवर हात ठेवल्यासारखं वाटतं. तूही फिरवून बघ. सुलाबाईंनी वाचला. एकच शब्द आहे, कधी.

मी होळी सांगून आलोय. तुझी रजेवर यायची तारीख तू कळव, म्हणजे तीही दाबीन. माया आहे तशी राहू दे.

तुझा आबा